लंगोट की डायपर? पुण्यातल्या नव्या आईबाबांसाठी

डोहाळजेवण आटोपले की घरात बाळाच्या खरेदीची यादी होऊ लागते. पाळणा, दुपटी, टोपडी, झबली यांवर फारसे मतभेद होत नाहीत. गाडी अडते ती लंगोटापाशी. आजी म्हणते की जुन्या सुती साडीच्या लंगोटाला तोड नाही, ऑफिसातली मैत्रीण बजावते की डायपरचे पुडे आधीच आणून ठेवा नाहीतर रात्री वेड लागेल, आणि तेवढ्यात मोबाइलवर बटणांच्या रंगीबेरंगी कापडी डायपरची जाहिरात येते, जिच्यात धुणाऱ्याचा हात मात्र कधीच दिसत नाही. आमच्या मुलाच्या वेळी आम्ही या तिन्ही वाटांनी थोडेथोडे चालून पाहिले. त्यावरून बनलेले मत आधीच सांगून टाकतो : हा निर्णय बाळाच्या कातडीवरून जेवढा ठरतो, त्याहून जास्त तो घरातला नळ, वाळत घालायची दोरी आणि धुणारे हात यांवरून ठरतो. म्हणून आधी घराची पाहणी करावी आणि खरेदी सर्वांत शेवटी करावी.

शब्दांबद्दल एक खुलासा. बोलण्यात ‘डायपर’ म्हटले की वापरून टाकायचाच डायपर मनात असतो, आणि कित्येक आज्या तर कोणत्याही कंपनीच्या डायपरला ‘हगीज’च म्हणतात. या लेखातही नुसता ‘डायपर’ म्हणजे वापरून टाकायचा. धुऊन पुन्हा वापरायच्या, बटणे लावलेल्या प्रकाराला ‘कापडी डायपर’ म्हटले आहे, आणि लंगोट म्हणजे आपला नेहमीचा, नाड्यांचा लंगोट.

पहिली पायरी : नळ, दोरी आणि हात

सुरुवात पाण्यापासून करावी. पेठांमध्ये, कोथरूड-कर्वेनगरच्या बाजूला महापालिकेचे जे खडकवासल्याचे पाणी येते, ते धुण्याला चांगले असते. परंतु वाघोली, उंड्री, पिसोळी अशा वाढत्या भागांतल्या अनेक सोसायट्या बोअरवेल आणि टँकरवर चालतात, आणि बोअरचे पाणी बहुधा जड असते. ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. नळाच्या तोंडाशी पांढरा थर बसत असेल आणि बादलीत साबणाला फेस येत नसेल, तर पाणी जड आहे असे समजावे. अशा पाण्यातले क्षार आणि साबण मिळून कापडाच्या धाग्यांत बसतात, कापड कडक होते आणि त्याची शोषण्याची ताकद घटते. अशा घरी कापडी डायपर चालत नाहीत असे नाही, पण धुण्याची पावडर थोडी जास्त लागते आणि खळबळणेही जास्त लागते. टँकरची वाट पाहणाऱ्या घराने मात्र चोवीस तास लंगोटांवर राहण्याचा हट्ट धरू नये.

मग दोरी. पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात लंगोट तासा-दोन तासांत कडकडीत वाळतात. खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते. आमचा मुलगा आषाढात जन्मला, म्हणजे नेमका भुरभुरीच्या दिवसांत. गॅलरीतली दोरी भरली, मग बैठकीतल्या खुर्च्यांच्या पाठी भरल्या, मग दारांच्या कड्यांवरही लंगोट आले. पंखा रात्रंदिवस फिरत होता, आणि तरीही हातात घेतलेला लंगोट ओला आहे की नुसता गार आहे हे कळत नसे. तो गालाला लावून पाहायचा, ही युक्ती सासूबाईंनी शिकवली. बोटांना न कळणारी ओल गालाला लगेच कळते. रात्री अकराला मी इस्त्री घेऊन बसत असे, आणि त्या वाफेबरोबर येणारा आंबूस वास अजून विसरलेलो नाही. तेव्हा बाळाच्या जन्माची तारीख पावसाळ्यात येत असेल, तर लंगोटांची संख्या दीडपट धरावी किंवा त्या महिन्यांपुरता डायपरचा वाटा वाढवावा. सोसायटीने दर्शनी गॅलरीत कपडे वाळत घालायला मनाई केली आहे का, हेही आत्ताच विचारून घ्यावे.

राहिले हात. धुण्याभांड्याला मावशी येत असतील तर त्यांच्याशी बाळ येण्याआधीच स्पष्ट बोलावे आणि वाढीव पगार ठरवावा. लंगोटांचे काम ‘चार कपडे जास्त’ या सदरात ढकलणे अन्यायाचे आहे. शीचे लंगोट आधी घरच्या माणसाने धुऊन मगच त्यांच्या बादलीत टाकावेत, एवढी रीत पाळली तर तक्रारीला जागा राहत नाही. मावशी नसतील तर घरातला कोणता माणूस रोज अर्धा-पाऊण तास हे काम करणार, त्याचे नाव ठरवावे. ते नाव बाळंतिणीचे असू नये.

दुसरी पायरी : वस्तूंची ओळख

साधा लंगोट त्रिकोणी, सुती किंवा होजिअरीच्या कापडाचा असतो आणि नाड्यांनी बांधतात. जुन्या धोतराचा किंवा अनेकदा धुतलेल्या नऊवारीचा लंगोट नव्या कापडापेक्षा मऊ असतो, यात आजीचे शंभर टक्के बरोबर आहे. त्याची मर्यादा एवढीच की तो एका शूला भिजतो, आणि बाळासोबत दुपटे, मेणकापड व मांडीवर घेणाऱ्याचा सदराही भिजतो.

कापडी डायपरला बाहेरून पाणी न झिरपणारे, लॅमिनेट केलेले पॉलिस्टरचे आवरण असते आणि आत शोषणारी घडी म्हणजे इन्सर्ट घालतात. काहींना खिसा असतो व घडी त्या खिशात सरकवतात, काहींत ती शिवूनच टाकलेली असते. शिवलेला प्रकार घालायला सोपा, पण वाळायला वेळ घेतो. पुण्याच्या पावसाळ्याचा विचार करता घडी सुटी निघणारा प्रकार घ्यावा, असे माझे मत आहे. घडी सुती किंवा बांबूच्या धाग्याची असेल तर ती सावकाश पण भरपूर शोषते. मायक्रोफायबरची पटकन शोषते आणि पटकन वाळते, परंतु ती कातडीला थेट लावू नये, कारण ती कातडीवरचा ओलावाही ओढून घेते आणि कातडी कोरडी पडते. सुती आणि बांबूच्या नव्या घड्या पहिल्या दिवशी नीट शोषत नाहीत. वापरण्याआधी त्या चार-पाच वेळा धुऊन वाळवाव्या लागतात.

डायपरच्या आत लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि सोडियम पॉलिअॅक्रिलेट नावाचे बारीक दाणे असतात. हे दाणे ओल धरून तिची जेली करतात, त्यामुळे वरचा थर कोरडा राहतो. पुढच्या बाजूची पिवळी रेघ निळी झाली की डायपर भिजला असे समजते. पट्टीचा आणि चड्डीसारखा असे त्याचे दोन प्रकार आहेत : आडव्या, नवजात बाळाला पट्टीचा सोयीचा पडतो, कारण तो उघडून खाली सरकवता येतो, पालथे पडून पळू लागलेल्या बाळाला चड्डीचा बरा.

तिसरी पायरी : पहिले सहा आठवडे

या काळात घाईने मोठे पुडे घेऊ नयेत. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते, साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघते आणि पुढे ते भराभर वाढते. नवजात मापाचे डायपर बहुधा पाच किलोपर्यंतचे असतात, त्यामुळे ते दीड-दोन महिन्यांत अपुरे पडतात. बारशाला आलेल्या पाहुण्यांनीही हेच माप आणलेले असते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. कोणी काय आणू असे विचारले तर नि:संकोच पुढचे माप सांगावे.

पहिल्या दोन-तीन दिवसांची शी काळी, डांबरासारखी चिकट असते आणि ती कापडावरून निघता निघत नाही. दवाखान्यातले ते दिवस डायपरवर काढणे शहाणपणाचे आहे. घरी आल्यावर मात्र दिवसा लंगोट वापरण्याचा मोठा फायदा असा की शू मोजता येते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळाने चोवीस तासांत किमान सहा वेळा शू केली तर त्याला दूध पुरत आहे असे मानतात, आणि अंगावर पाजणाऱ्या नव्या आईला या आकड्याचा फार आधार वाटतो. डायपरचे दाणे दोन-तीन वेळची शू गुपचूप गिळून टाकतात, मग मोजायचे काय?

नाळ गळेपर्यंत, म्हणजे साधारण एक-दोन आठवडे, काहीही वापरले तरी त्याची वरची कड नाळेखाली दुमडावी, म्हणजे बेंबीला हवा लागते आणि ती शूने भिजत नाही. नाडी किंवा पट्टी लावल्यावर पोट आणि कड यांच्यामध्ये दोन बोटे सहज गेली पाहिजेत. पाय सरळ करून घट्ट बांधू नयेत. बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले असणे हेच त्याच्या खुब्यांना हिताचे असते. याच संदर्भात ‘डायपरने पाय फेंगडे होतात’ हे वाक्य घरी ऐकू येईल. त्यात तथ्य नाही : सगळ्याच बाळांचे पाय सुरुवातीला थोडे बाकदार असतात आणि चालू लागल्यावर ते आपोआप सरळ होत जातात. हे आजीला समजावण्यात शक्ती खर्च करावी की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

चौथी पायरी : दिवस वाटून घ्यावा

इथे बहुतेक जण चुकतात, कारण ते एकच काहीतरी निवडायला बसतात. निवड तासांप्रमाणे करावी. सकाळी मालिश-अंघोळ झाल्यापासून संध्याकाळपर्यंत, घरात माणसे जागी असताना, लंगोट किंवा कापडी डायपर वापरावा. रात्री डायपर वापरावा. रात्री सहा वेळा दुपटी बदलून थकलेली आई दुसऱ्या दिवशी बाळालाही पुरी पडत नाही, आणि डायपर लावला म्हणून कोणी कमी प्रेमळ ठरत नाही. लंगोट ओला झाला की लगेच बदलावा. कापडी डायपर दोन-तीन तासांनी, डायपर तीन-चार तासांनी बदलावा, आणि शी झाली असेल तर यांपैकी कशातही एक मिनिट थांबू नये. नवजात बाळ रात्रीही शी करते, त्यामुळे ‘बारा तास कोरडे’ हे पाकिटावरचे वाक्य त्याच्यासाठी लिहिलेले नाही.

दिवसातून एक-दोनदा बाळाला काहीही न घालता, खाली मेणकापड आणि दुपटे अंथरून, मोकळे ठेवावे. चार-पाच महिन्यांनंतर दूध पिऊन झाल्यावर पायांवर बसवून ‘श्शूऽऽ’ म्हणण्याची आपली जुनी पद्धत करून पाहायलाही हरकत नाही. सकाळची शी त्या वेळी नेमकी झाली तर एक लंगोट वाचतो, न झाल्यास बिघडत काही नाही.

पाळणाघरात ठेवायचे असल्यास तिथला नियम आधी विचारावा. बरीच पाळणाघरे डायपरचाच आग्रह धरतात, काही जण ओला कापडी डायपर पिशवीत घालून परत द्यायला तयार होतात. प्रवासात डायपरच घ्यावा. पुणे-कोल्हापूरच्या एसटीत ओल्या लंगोटांची पिशवी मांडीवर घेऊन बसण्यात काही पुरुषार्थ नाही, हे स्वानुभवाने सांगतो.

पाचवी पायरी : धुण्याची पद्धत

कापडाच्या वाटेने गेलेली घरे माघारी फिरतात ती धुण्यातल्या चुकांमुळे, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

फक्त दूध पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात सहज विरघळते. बाळ सहा महिन्यांचे होऊन नाचणीची पेज, वरणभात खाऊ लागले की शी घट्ट होते. ती आधी संडासात झटकून टाकावी आणि जेट स्प्रेने कापड खळबळून घ्यावे. शूचे कापडही एकदा साध्या पाण्यातून काढावे. मग ते जाळीच्या किंवा उघड्या टोपलीत ठेवावे आणि रोज, फार तर एक दिवसाआड, धुवावे. पाण्याने भरलेल्या बादलीत कापडे दिवसभर भिजत ठेवू नयेत : एक तर त्यांना वास लागतो, आणि दुसरे म्हणजे रांगणाऱ्या मुलासाठी न्हाणीघरातली भरलेली बादली हा खरोखरचा जिवावरचा धोका आहे.

मशीनमध्ये आधी थंड पाण्याची एक फेरी, मग पावडर घालून पूर्ण फेरी आणि शेवटी जास्तीचे एक खळबळणे, असा क्रम ठेवावा. सुती लंगोट उकळत्या पाण्यात घालता येतात आणि त्यांना इस्त्रीही करता येते. कापडी डायपरचे आवरण मात्र उकळू नये, त्यावर इस्त्री फिरवू नये, आणि ते लवचीक कडांना ताण पडेल असे टांगू नये. त्यातले लॅमिनेशन आणि इलॅस्टिक उष्णतेने जाते. म्हणून घड्या कडक उन्हात आणि आवरणे सावलीत वाळवावीत. पिवळे डाग राहिले तर घासत बसू नये. ओली घडी उन्हात ठेवली की दुधाच्या शीचा डाग दोन-तीन दिवसांत फिका होतो.

आता आमची चूक. लंगोट कडक लागतात म्हणून आम्ही शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव टाकू लागलो. हाताला खरोखर मऊ लागू लागले, आणि आठवड्याभरात कापडी डायपर दोन्ही मांड्यांकडून गळू लागले. आम्ही माप बदलले, बटणे घट्ट केली, दोन-दोन घड्या घातल्या. शेवटी एका दुपारी बायकोने वाळलेल्या घडीवर चमचाभर पाणी ओतले, तर ते अळवावरच्या पाण्यासारखे थेंब होऊन घरंगळून गेले. त्या द्रवाचा थर धाग्यांवर चढतो आणि कापड पाणी घेईनासे होते. नंतर पावडर न घालता तीन-चार वेळा गरम पाण्यातून काढल्यावर घड्या ताळ्यावर आल्या. चमचाभर पाण्याची ही तपासणी महिन्यातून एकदा करावी. जंतुनाशक द्रवही रोजच्या धुण्यात टाकायची गरज नाही. तो नीट निघाला नाही तर कातडीला झोंबतो. पावडर, भरपूर पाणी आणि ऊन एवढे पुरते.

कातडी लाल झाली तर

ओल, शी आणि घर्षण या तिन्हींमुळे रॅश येतो, म्हणून तो लंगोटातही येतो आणि डायपरमध्येही. कोणा एकाच्या माथी दोष मारण्यात अर्थ नाही. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसावे, मुलीला नेहमी पुढून मागे पुसावे, टिपून कोरडे करावे आणि झिंक ऑक्साइडचे मलम लावावे. ते मलम कापडी घडीत बसले तर तिचे शोषणे कमी होते, त्यामुळे मध्ये मलमलीचा एक पातळ तुकडा ठेवावा. टाल्कम पावडर वापरू नये. तिची बारीक धूळ बाळाच्या श्वासात जाते. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, लाली जांघेच्या घड्यांत जाऊन आजूबाजूला बारीक लाल ठिपके उठले, फोड आले किंवा ताप आला, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावे. घड्यांतली ती लाली बहुधा बुरशीची असते आणि तिला वेगळे औषध लागते.

सहावी पायरी : आता खरेदी

हिशेब ढोबळ आहे, पण डोळे उघडणारा आहे. केवळ डायपरवर राहिल्यास सुरुवातीला दिवसाला आठ आणि पुढे पाच, एक डायपर ११ ते १३ रुपयांना, असे धरले तरी सुरुवातीला महिन्याला सुमारे तीन हजार आणि पुढे सुमारे अठराशे रुपये होतात. अडीच वर्षांत ही रक्कम साठ हजारांच्या घरात जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तरी या चित्रात फार फरक पडत नाही. अडीच डझन लंगोट हजार-बाराशे रुपयांत आणि चारशेच्या भावाने सोळा कापडी डायपर साडेसहा हजारांपर्यंत येतात. त्यात धुण्याचा खर्च आणि मावशींचा वाढीव पगार मिळवावा. दिवस-रात्र वाटून घेतली तर डायपरचा खर्च महिन्याला सहाशे-सातशे रुपयांवर थांबतो.

बाळंतपणाआधी दोन डझन लंगोट, एक डझन दुपटी, दोन मेणकापडे आणि नवजात मापाचा डायपरचा एक लहान पुडा, एवढेच घ्यावे. लंगोट-दुपट्यांसाठी तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्त्यावरची बाळकपड्यांची दुकाने पुरेशी आहेत. कापड हातात चुरगळून पाहता येते हा तिथला खरा फायदा. कापडी डायपर सुरुवातीला वेगवेगळ्या बनावटीचे दोन-तीनच घ्यावेत आणि बाळाच्या मांडीला कोणता नीट बसतो ते पंधरा दिवस पाहून मग बाकीचे मागवावेत.

पर्यावरणाचा विचार करणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच नोंदवतो. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये अडीच वर्षांच्या वापराचा हिशेब मांडला, तेव्हा डायपरचा कर्बभार (म्हणजे त्यापायी हवेत जाणारा कर्बवायू) सुमारे ५५० किलो आणि कापडाचा सुमारे ५७० किलो निघाला, म्हणजे जवळपास बरोबरी. पण मशीन पूर्ण भरून धुतले, बाहेर दोरीवर वाळवले आणि तीच कापडे दुसऱ्या मुलाला वापरली, तर कापडाचा भार सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो. आपण दोरीवर वाळवतोच, आणि चुलत-मावस भावंडांची दुपटी वापरण्याची रीत तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

वापरलेल्या डायपरचे काय करावे

शी संडासात झटकावी, डायपर आतल्या बाजूने गुंडाळून त्याच्याच पट्ट्यांनी बंद करावा, वर्तमानपत्रात बांधावा आणि त्यावर लाल खूण करून तो ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळा द्यावा. ही लाल ठिपक्याची पद्धत पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने रुजवली. सुका कचरा हाताने निवडणाऱ्या बाईला पुडक्यात काय आहे ते न उघडता कळावे, एवढाच तिचा साधा हेतू आहे. डायपर ओल्या कचऱ्यात टाकल्यास सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात त्यातली जेली आणि प्लास्टिक तसेच राहते, आणि संडासात टाकल्यास नळी तुंबते व तळमजल्यावरचे शेजारी बोलायला येतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी अशा विल्हेवाटीसाठी पिशवी किंवा वेष्टन देणे ही उत्पादकांची जबाबदारी ठरवली होती. पुड्यात ती आढळली नाही तर घरचे वर्तमानपत्र आहेच.

कापडी डायपरचे इलॅस्टिक सैल पडले तर शिंप्याकडून बदलून घेता येते. जे लंगोट अगदीच विरले, ते पंख्याची पाती पुसायला उत्तम. आमच्याकडे अजून चार शिल्लक आहेत.